दुधाच्या पिशवीवरील अक्षरें

सकाळीं दाराशीं येऊन पडणारी दुधाची पिशवी आपण सर्वजण रोज हातांत घेतों. तिच्यावर दुग्धालयाचें नांव, त्याचें चिन्ह, दुधाचा प्रकार, माप, किंमत असा पुष्कळ मजकूर दोनतीन रंगांत छापलेला असतो. तो कोणी मुद्दाम वाचीत बसत नाहीं. परंतु ज्या घरांत वर्तमानपत्र येत नाहीं त्या घरांतही तो रोज जातो. ही पिशवी पाण्यानें निथळत असते. आपण ती नळाखालीं धुतों, अंगठ्यानें चोळतों, तरी अक्षर हलत नाहीं. आतां आमच्या विद्यार्थिमित्रांनीं एक लहानसा प्रयोग करून पाहावा. रिकामी पिशवी कापून, धुऊन, पुसून तिच्या आंतल्या कोऱ्या बाजूवर फाउंटनपेनच्या शाईनें आपलें नांव लिहावें. रेघ सलग उमटणारच नाहीं. शाईचे थेंब अळवाच्या पानावरील पाण्याप्रमाणें एकत्र जमतील, आणि जें काय राहील तें बोटाच्या पहिल्या स्पर्शानेंच पुसून जाईल. जी गोष्ट आपल्या लेखणीस साधत नाहीं ती छापखानेवाल्यास एका मिनिटांत शेंकडों पिशव्यांवर कशी साधते, हें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या छपाईस फ्लेक्सोग्राफी म्हणतात. नांव बोजड आहे, पण कल्पना अगदीं घरगुती आहे. शाळेच्या कचेरींत दाखल्यावर मारतात तो रबरी शिक्का सर्वांनीं पाहिला आहे. तो शिक्का रुळाभोंवतीं गुंडाळा, रूळ फिरता ठेवा, दर फेऱ्यास त्यास मोजकी शाई मिळेल अशी तजवीज करा, आणि त्याला लागून कागदाची किंवा प्लॅस्टिकची लांबच लांब पट्टी वाहती ठेवा; झाला फ्लेक्सो छापखाना. एवढें सोपें असतांना तो नीट चालावयास जवळजवळ अर्ध्या शतकाचा काळ कां लागावा? कारण ‘मोजकी शाई’ हे दोन शब्द लिहिण्यास जितके सोपे तितकेच करून दाखविण्यास कठीण आहेत.

छपाईच्या मूळ रीति तीन. पहिली उठावाची. तींत अक्षर पृष्ठभागाच्या वर उचललेलें असतें, शाई तेवढ्या उंचवट्यासच लागते, आणि तो कागदावर दाबला कीं अक्षर उमटतें. शिशाचे खिळे जुळवून आपल्या आजोबांच्या वेळचीं पुस्तकें छापीत तीं या रीतीनें. दुसरी सपाट पृष्ठाची. तींत अक्षर उंचही नसतें व खोलही नसतें. जेथें अक्षर आहे तेथें चरबट शाई धरली जाते, आणि बाकीचा भाग ओला असल्यामुळें तिला झिडकारतो. मुंबईस गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें तें अशा शिळाछापावर. रविवर्म्याचीं चित्रें घरोघर भिंतींवर गेलीं तींही शिळाछापाचींच. आजची ऑफसेट छपाई याच घराण्यांतली. तिसरी खोदीव रीति. धातूच्या रुळावर बारीक खळगे कोरून त्यांत शाई भरावयाची आणि कागदावर ती उचलून घ्यावयाची. हिला ग्रेव्हुअर म्हणतात.

फ्लेक्सो जन्मानें पहिल्या घराण्यांतली आहे. पण एका जागीं ती तिसऱ्या घराण्यापासून उसनवारी करते, आणि तीच तिची खरी किल्ली आहे, हें पुढें दिसेल. शिशाचा खिळा कठीण, कागद किंचित् मऊ, म्हणून त्यांचें जमतें. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पापुद्र्यावर कठीण खिळ्याचें तसें जमत नाहीं. शिवाय पुस्तकी छपाईची शाई काकवीसारखी चिकट. ती कागदांत मुरते व मग हवेनें तासातासांनीं वाळते. प्लॅस्टिकांत मुरावयास जागाच नाहीं. तेव्हां पाहिजे होतें तें असें: ठसा मऊ, शाई पातळ, आणि वाळणें क्षणार्धांत.

अशा तऱ्हेचें यंत्र प्रथम १८९० सालीं इंग्लंडांत लिव्हरपूल येथें बिबी, बॅरन आणि सन्स या मंडळींनीं उभें केलें. शाई पाण्यांत कालविलेली होती. ती पसरली, अक्षरें फराटलीं, आणि लोकांनीं त्या यंत्रास ‘बिबीचा खुळेपणा’ असें नांव ठेविलें. पुढें जर्मनींत रबरी ठसे घेऊन हीच खटपट चालू राहिली. तेथें शाईची अडचण दूर झाली, तिच्यामागें एक जुनी हकीकत आहे. १८५६ सालीं विल्यम पर्किन नांवाचा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी लंडनमध्यें सुटीच्या दिवसांत घरींच प्रयोग करीत होता. त्याला हिंवतापावरचें कोयनेल कृत्रिम रीतीनें बनवावयाचें होतें. कोयनेल झालेंच नाहीं. हातीं आला तो काळपट गाळ. पण भांडें धुण्याकरितां त्यावर मद्यार्क ओततांच सुंदर जांभळा रंग दिसूं लागला. डांबरांतून निघणाऱ्या अ‍ॅनिलीन नांवाच्या द्रव्यापासून रंग काढण्याचा उद्योग येथून सुरू झाला. हे रंग मद्यार्कांत विरघळतात, आणि मद्यार्क उघड्यावर ठेवला असतां किती लवकर उडून जातो हें दवाखान्यांत टोंचून घेतांना सर्वांनीं अनुभविलें आहे. रबरी ठशास अशी शाई मिळतांच कागदी पिशव्या छापण्याचें काम चालूं लागलें. म्हणून या छपाईस फ्लेक्सो हें नांव मिळण्यापूर्वीं ‘अ‍ॅनिलीन छपाई’ असेंच म्हणत.

आणि त्या नांवानेंच घात केला. अ‍ॅनिलीन हें द्रव्य विषारी आहे. १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें अ‍ॅनिलीनचे रंग खाद्यपदार्थांच्या वेष्टनास अयोग्य ठरविले. या छपाईचा सारा भर पाव, मिठाई, भाजीपाला यांच्या वेष्टनांवर. तेव्हां धंदाच बसण्याची वेळ आली. शाईवाल्यांनीं दुसरे, खात्यास मान्य असे रंग घेऊन नव्या शाया बनविल्या, आणि दशक संपण्यापूर्वीं खात्याची हरकतही उरली नाहीं. पण लोकांच्या कानांत नांव तेंच बसलेलें. ‘अ‍ॅनिलीन’ म्हटलें कीं गिऱ्हाईक मागें सरे. शेवटीं १९५१ सालीं फ्रँकलिन मॉस या ठसे बनविणाऱ्या गृहस्थानें आपल्या धंद्याच्या पत्रिकेंतून वाचकांस नवें नांव सुचविण्याची विनंति केली. दोनशेंहून अधिक नांवें आलीं. त्यांतून तीन निवडून पुन्हां टपालानें मतें घेतलीं, आणि २१ ऑक्टोबर १९५२ रोजीं ‘फ्लेक्सोग्राफिक’ हें नांव जाहीर झालें. लवचिक ठसा हाच या छपाईचा गुण, तोच नांवांत आला. मुलाचें नांव आत्या ठेवते असा आपला रिवाज. या मुलाचें नांव मात्र मतपत्रिकेनें आणि तेंही साठी उलटल्यावर ठेवलें गेलें.

आतां ‘मोजकी शाई’. पहिल्या यंत्रांत एक रबरी रूळ शाईच्या पन्हाळींत बुडून फिरे, आणि तो दुसऱ्या रुळास शाई देई. दोन रूळ किती घट्ट लागले आहेत, यंत्र किती वेगानें चाललें आहे, शाई किती दाट आहे, यांवर शाईचें प्रमाण बदले. सकाळच्या पिशव्या फिक्या तर दुपारच्या गडद, असा प्रकार. १९३८ सालीं अमेरिकेंतील शाई बनविणाऱ्या एका कंपनींतील दोघांनीं यावर उपाय काढला. त्यांनीं खोदीव छपाईकडे पाहिलें. तेथें चित्राच्या रुळावरच खळगे कोरलेले असतात व प्रत्येक खळग्यांत मावेल तितकीच शाई येते. मग चित्र न कोरतां, सर्व रुळावर एकसारखे बारीक खळगेच कोरून त्या रुळानें रबरी ठशास शाई पाजली तर? याच रुळास अ‍ॅनिलॉक्स म्हणतात. आमच्या मतें फ्लेक्सो छपाईचा खरा जन्म १८९० चा नसून १९३८ चा आहे.

आम्हांस एकदां अशा एका छापखान्यांत अर्धा दिवस घालविण्याचा योग आला. अ‍ॅनिलॉक्स रूळ आम्हीं हातांत घेऊं मागितला, तेव्हां तेथील मशीनमननीं प्रथम आमच्या बोटांतील अंगठी काढावयास लाविली. रूळ धातूचा, पण वर चिनी मातीच्या जातीचा अतिकठीण लेप. त्यावर लेसर किरणांनीं खळगे पाडलेले. डोळ्यांस तो नुसता करडा व मंद चकाकणारा दिसतो. भिंग लावल्यावर मधाच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी घरें दिसूं लागलीं. एका सेंटिमीटरांत अशा घरांच्या दोनशें ओळी धरल्या, तर एका चौरस सेंटिमीटरांत चाळीस हजारांहून अधिक घरें होतात. बारीक कामाच्या रुळावर एका चौरस मीटरभर घरें भरावयास सुमारें चार घन सेंटिमीटर शाई लागते, म्हणजे चहाचा एक चमचाही नव्हे. आणि तिच्यांतलाही कांहीं भाग घरांतच मागें राहतो. अंगठीचा एक ओरखडा पडला कीं तेथलीं घरें मोडलीं, आणि पुढें त्या रुळानें छापलेल्या प्रत्येक पिशवीवर तो ओरखडा रेघ होऊन उमटणार.

रुळाच्या एका अंगास शाईची बंद पेटी असते. रूळ तिच्यांतून शाईनें माखून बाहेर येतो, तोंच पोलादाची एक पातळ पट्टी त्याच्या अंगावरून फिरते आणि वरवरची सर्व शाई निपटून घेते. घरांतली तेवढी राहते. माप भरल्यावर वाणी त्यावरून हात फिरवून वरचा ढीग सपाट करतो, त्यांतलाच हा प्रकार. या पट्टीस ‘डॉक्टर ब्लेड’ म्हणतात. औषधोपचाराशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. मोजून भरलेली ही शाई अ‍ॅनिलॉक्स रूळ ठशाच्या उंच भागांस देतो, ठसा ती प्लॅस्टिकच्या पट्टीस देतो, आणि पट्टीच्या पाठीमागें एक गुळगुळीत पोलादी रूळ आधारास असतो. सारें यंत्र एवढेंच.

यांतील शेवटचा स्पर्श महत्त्वाचा. ठशानें पट्टीस दाबावयाचें नाहीं, नुसतें टेकावयाचें. नवशिक्या मनुष्यास अक्षर फिकें दिसलें कीं तो दाब वाढवितो, कारण शिक्का मारतांना आपण सर्वजण तेंच करतों. येथें तें उलटें फळ देतें. मऊ ठसा चेपला जातो, त्याच्यावरची शाई कडेकडे ढकलली जाते, आणि अक्षराभोंवतीं गडद किनार उठते. “हात हलका ठेवायला शिकण्यातच वर्ष जातं,” असें ते मशीनमन म्हणाले. बरीक अक्षरांत या दाबाचा त्रास फार. आपल्या देवनागरी लिपीस तर विशेष. ‘ब’च्या पोटांतली तिरपी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांची मोकळी जागा शाईनें भरून गेली कीं तो ‘ब’ आहे कीं ‘व’ हें सांगतां येत नाहीं. ‘ष’ची तीच गत. उलट अनुस्वाराचें दुखणें निराळें. तो ठशावर एकटा, निराधार ठिपका असतो. फार लहान केला तर ठसा तयार होतांनाच गळून जातो. म्हणून वेष्टनावर मराठी मजकूर देणाऱ्यांनीं तो इंग्रजी मजकुराच्या मापानें लहान करूं नये. औषधाच्या किंवा खाद्याच्या वेष्टनावर एक शब्द चुकीचा वाचला गेला तर ती शुद्धलेखनाची चूक राहत नाहीं.

ठसा करण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. पूर्वीं तो खरोखरीच रबराचा असे. हातानें कोरीत किंवा सांच्यांत दाबीत. १९७० नंतरच्या दशकांत प्रकाशानें कठीण होणाऱ्या एका द्रव्याच्या प्लेटी निघाल्या. अशा मऊ प्लेटीवर मजकुराची उलट फिल्म ठेवून अतिनील किरण सोडतात. जेथें अक्षर तेथें किरण पोंचतात व तेवढा भाग घट्ट होतो. बाकीचा भाग नंतर धुऊन काढतात, आणि अक्षरें टेकड्यांप्रमाणें उभीं राहतात. घट्ट झाली तरी प्लेट रबरासारखी वांकते. आज पुष्कळ ठिकाणीं फिल्मही लागत नाहीं. प्लेटीच्या वरच्या बाजूचा काळा थर संगणकाच्या हुकमानें लेसर जाळतो आणि तोच फिल्मचें काम करतो.

येथें भूमितीच्या विद्यार्थ्यांस एक मौजेचें उदाहरण सांपडेल. प्लेट सपाट असतांना बनवितात, आणि नंतर रुळाभोंवतीं गुंडाळतात. गुंडाळतांच तिची वरची बाजू ताणली जाते. किती? समजा प्लेटीची जाडी १.७ मिलिमीटर आहे, आणि तिच्या पाठीस न ताणणारा ०.१८ मिलिमीटरांचा पापुद्रा आहे. वजाबाकी १.५२. त्यास दोननें आणि ३.१४ नें गुणिलें म्हणजे साडेनऊ मिलिमीटरांहून किंचित् अधिक येतात. पूर्ण फेऱ्यांत वरची बाजू एवढी लांब होते. आणि खरें आश्चर्य हें कीं रूळ लहान असो वा मोठा, हा आंकडा तोच राहतो. (कसें तें परिघाच्या सूत्रावरून विद्यार्थ्यांनींच काढावें.) म्हणून ४०० मिलिमीटरांचें चित्र पाहिजे असेल तर सपाट प्लेटीवर तें लांबीच्या दिशेनें सुमारें ३९०.५ मिलिमीटरच करतात. हें विसरल्यास प्लेटीचीं दोन टोकें रुळावर एकमेकांवर चढतात; आणि लहान तुकडे लावून काम भागविलें तर प्रत्येक वर्तुळ अंड्याकडे झुकूं लागतें. ताण फक्त रूळ फिरतो त्या दिशेनें पडतो. रुंदी बदलत नाहीं.

वस्तूंवर काळ्या उभ्या रेघांचा जो बारकोड असतो, त्याची दिशाही यावरूनच ठरते. २६ जून १९७४ रोजीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत ट्रॉय या गांवीं च्युइंगमची एक पुडी अशा रेघा वाचून प्रथम विकली गेली. या रेघांत अर्थ असतो तो त्यांच्या जाडींत व मधल्या अंतरांत; उंचींत कांहींच नसतो. तेव्हां रेघा पट्टीच्या धांवेच्या दिशेनें ठेवल्या, तर ताणानें त्यांची उंची काय ती थोडी बदलेल. आडव्या ठेवल्या, तर जाडी व अंतरच बिघडेल आणि दुकानांतील यंत्र त्यांस ओळखणार नाहीं. पाकिटावर बारकोड कधीं उभा, कधीं आडवा दिसतो त्यांत चित्रकाराची लहर पुष्कळदां नसते. पट्टी कोणत्या दिशेनें धांवली तें त्यांत लिहिलेलें असतें.

दुधाची पिशवी ज्या यंत्रावर छापली जात होती त्यांत एक मोठा थोरला पोलादी पिंप मध्यें होता आणि त्याच्याभोंवतीं आठ रंगांचीं आठ ठाणीं, माहेरवाशिणी फेर धरून उभ्या राहाव्या तशीं. प्लॅस्टिकचा पापुद्रा पातळ. तो ओढतांच ताणला जातो. मोकळा सोडला तर निळ्यावर लाल नेमका बसणार नाहीं. म्हणून तो पिंपास घट्ट चिकटून फिरतो आणि एका फेऱ्यांत सर्व रंग घेऊन सुटतो. वेग मिनिटास ३०० मीटर होता, म्हणजे ताशीं अठरा किलोमीटर. बेताचा सायकलस्वार जाईल इतका. एका ठाण्यापासून दुसरें ठाणें हातभर लांब धरलें, तर मधल्या गरम हवेखालीं शाईस वाळावयास सेकंदाचा दहावा भाग मिळतो. अनेक यंत्रें याहूनही जलद चालतात.

आणि मुख्य प्रश्न: शाई प्लॅस्टिकास धरते कशी? आरंभीं आम्हीं पिशवीच्या आंतल्या बाजूवर लिहावयास सांगितलें तें मुद्दाम. छापण्याच्या अगोदर पापुद्र्याची बाहेरची बाजू एका उच्च दाबाच्या विजेच्या पट्टीखालून नेतात. तेथें जांभळट प्रकाश दिसतो व पावसाळ्यांत वीज पडल्यावर येतो तसा ओझोनचा वास येतो. त्या विजेनें पृष्ठभागाच्या अगदीं वरच्या थरांत प्राणवायूचे कण जोडले जातात, आणि पाण्यास झिडकारणारें प्लॅस्टिक शाईस आपलेंसें करतें. आंतली बाजू मात्र तशीच ठेवतात, कारण पिशवीच्या कडा उष्णतेनें चिकटवावयाच्या असतात आणि त्या कामीं हा संस्कार अडचण करतो. डोळ्यांस दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

प्लॅस्टिकविषयीं इतकें लिहिलें, तरी या छपाईचें दुसरें मोठें क्षेत्र पुठ्ठ्याचे खोके हें आहे. खोक्याचा पुठ्ठा उभा चिरून पाहिला तर दोन सपाट कागदांमध्यें नागमोडी कागद दिसतो; त्याच्या कमानींवर सारा भार पेलला जातो. कठीण ठशानें दाबून छापलें तर या कमानी चेपतात व खोका दुबळा होतो. मऊ फ्लेक्सो ठसा टेकून निघून जातो. कोंकणांतून हापूस आंबा पूर्वीं लांकडी पेटींत, पेंढ्यांत घालून येई. पेटीवर शाईनें नांव रंगविलेलें असे. आतां पुठ्ठ्याचे छापील खोके सर्रास दिसतात. त्यामुळें एक नवें दुःख उत्पन्न झालें आहे. नांव रंगविण्यास मेहनत होती. छापील खोका मात्र रिकामाही विकत मिळतो, आणि देवगडचें नांव असलेल्या खोक्यांतून भलताच आंबा गिऱ्हाइकाच्या गळ्यांत बांधला जातो, अशी बागायतदारांची तक्रार दरसाल ऐकूं येते. छपाई जितकी सुबक तितका तिच्यावर विश्वास लवकर बसतो. यंत्राचा यांत दोष नाहीं. पण आईबापांनीं खोक्याबरोबर आंबाही हुंगून घ्यावा.

खाद्याच्या वेष्टनावरील शाईसंबंधीं एक गोष्ट पालकांस सांगितली पाहिजे. शाई तर पिशवीच्या बाहेरच्या बाजूस असते, मग तिची काळजी कशास, असें वाटणें साहजिक आहे. पण छापलेली पट्टी यंत्राच्या शेवटीं रिळावर गुंडाळली जाते, आणि गुंडाळतांच पहिल्या वेढ्याची छापील बाजू दुसऱ्या वेढ्याच्या आंतल्या बाजूस चिकटून बसते. तीच आंतली बाजू पुढें दुधास किंवा पावास लागणार. शाईंत द्रव राहिला असेल, किंवा ती अर्धवट वाळली असेल, तर तिचा अंश आंत उतरावयास हीच वाट आहे. म्हणून चांगल्या छापखान्यांत रिळाचा तुकडा कापून त्यांत राहिलेल्या द्रवाचें प्रमाण मोजतात. खाद्यवेष्टनाच्या शाईंत कोणतीं द्रव्यें नसावींत हें भारतीय मानक १५४९५ यांत सांगितलें आहे. २०२० सालच्या सुधारणेंत टोल्युईन या द्रवासही वगळलें आहे. वर्तमानपत्राची शाई या बंधनांखालीं बनविलेली नसते. ती खाण्याच्या पदार्थाकरितां केलेलीच नाहीं. गरम, तेलकट भजीं वर्तमानपत्रावर काढलीं कीं तेल शाईस विरघळवितें आणि तो काळेपणा कागदावरून भज्यांवर जातो. २०१८ च्या खाद्यवेष्टन नियमांनीं वर्तमानपत्रांत खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली आहे. तरी आमच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर तें अजून चालतें, आणि आम्हीही तीं भजीं पुष्कळ वर्षें खाल्लीं आहेत, हें कबूल केलें पाहिजे.

पिशवीवरील तारीख मात्र फ्लेक्सोनें छापलेली नसते. ठसा हजारों पिशव्यांकरितां एकच. तारीख रोज बदलते. म्हणून माल भरतेवेळीं निराळें लहान यंत्र ती वर उमटवितें. पुष्कळदां ती ठिपक्याठिपक्यांची दिसते, कारण तें यंत्र शाईचे बारीक थेंब उडवीत असतें. तारखेखालीं दुसरी तारीख पुसट दिसली, तर पिशवी दुकानदारास परत करावी. पिशवीच्या कडेस एक लहान रंगीत चौकोनही असतो. तो शोभेचा नव्हे. भरणाऱ्या यंत्राचा विजेचा डोळा तो पाहतो आणि येथें कापावयाचें असें समजतो.

घरीं परतल्यावर आम्हीं भिंग घेऊन आमच्या फडताळासमोर बसलों. कोणती वस्तु कोणत्या रीतीनें छापली हें कडेवरून ओळखतां येतें. अक्षराच्या कडेस गडद किनार आणि तिच्या आंत किंचित् फिकी रेघ दिसली तर फ्लेक्सो. कड करवतीच्या दांत्यांसारखी असली तर खोदीव ग्रेव्हुअर. कड स्वच्छ, आणि चित्रांत रंगाच्या ठिपक्यांचीं लहान लहान फुलें पडलेलीं असलीं तर ऑफसेट. बिस्किटांच्या पुड्याला दांते निघाले. चहाच्या पुठ्ठ्याच्या डबीवर फुलें निघालीं. पंख्याच्या खोक्यावरील मोठ्या अक्षरांना अशी ठळक किनार होती कीं भिंग लागलेंच नाहीं. दुधाची पिशवी शेवटीं पाहिली: निळ्या अक्षरांस बारीक किनार, लाल चिन्ह निळ्याच्या रेषेबाहेर केसभर सरकलेलें, आणि ‘उकळून’ या शब्दांतल्या ‘ळ’ची एक गांठ शाईनें भरलेली. कोणी तरी त्या दिवशीं दाब थोडा अधिक दिला होता.